बहीण खुला मागतेय, मग घराण्याच्या इज्जतीचं काय?

नाशकातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. धाकट्या बहिणीचा नवरा हात उचलतो, दोन वर्षांहून जास्त काळ त्याने खर्चाला पैसा दिलेला नाही. ती लहान मुलाला घेऊन माहेरी आली आहे आणि तिला खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेली निकाहातून सुटका, हवाय. वडील हयात नाहीत. घरात आई, दोघे भाऊ आणि आता ही बहीण. थोरले चुलते म्हणतात, "आपल्या घराण्यातली बाई आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही. लोकांत नाक कापू नका." त्यातच मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली आहे की तिचं फोनवर कोणाशी तरी बोलणं चालतं. तरुण विचारतो, "इस्लाममध्ये घराण्याची इज्जत राखणं फर्ज आहे ना? मग भाऊ म्हणून मी कोणाच्या बाजूने उभं राहू?" शेवटी एक ओळ त्याने सहज जोडली आहे: "ती घरात हिस्साही मागेल, अशी मोठ्या भावाला भीती वाटते."

बहिणीच्या बाजूने उभे राहा. कायदा पुढे सांगेनच, पण आधी दीनचं, म्हणजे धर्माचं, बोलू, कारण तुम्हाला अडवलं जातंय ते दीनचं नाव घेऊन. मी नाशिकच्या कोर्टात कौटुंबिक दावे चालवते आणि जुन्या नाशकात, वडाळ्यात, नाशिक रोडला घरगुती बैठकांनाही बसते. या बैठकांमध्ये 'शरियतमध्ये असं आहे' म्हणून जे ठणकावून सांगितलं जातं, त्यातला बराच भाग रिवाज असतो. रिवाजाला माझा विरोध नाही. पण त्यावर कुरआनचा शिक्का मारून तो बाईच्या गळ्यात अडकवायचा, याला आहे.

कुरआनातल्या सूरा निसाची (सूरा म्हणजे अध्याय) १३५ वी आयत काढा आणि चुलत्यांना वाचून दाखवा. इन्साफावर पक्के उभे राहा, साक्ष अल्लाहसाठी द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. समोरचा श्रीमंत असो की गरीब. नात्यागोत्याला इथे सूट नाही. माणूस घसरतो तो परक्यांपेक्षा आपल्यांपायी, हे गृहीत धरूनच आयत बोलते. मक्केच्या कुरैश टोळीतल्या मखजूम या बड्या घराण्यातली बाई चोरीत सापडली, तेव्हा घराण्याची लाज वाचावी म्हणून लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या उसामा यांना रदबदलीला पाठवलं होतं. पैगंबर (स.) रागावले. म्हणाले, तुमच्या आधीच्या कौमा याच कारणाने बुडाल्या. प्रतिष्ठित माणसाने चोरी केली की सोडून द्यायचे आणि दुबळ्याने केली की सजा. माझी मुलगी फातिमा असती तरी मी सूट दिली नसती. प्रतिष्ठित घराण्यांची बाजू अशी ऐनवेळी सांभाळली जाते, हे तेव्हाही नवं नव्हतं.

आता इज्जत. आखरी हजच्या खुतब्यात (प्रवचनात) पैगंबरांनी तीन गोष्टी एकत्र सांगितल्या: तुमचं रक्त, तुमचा माल आणि तुमची अब्रू एकमेकांसाठी तितकीच पवित्र आहे, जितका हा दिवस, हा महिना आणि हे शहर. जान ज्याची त्याची, माल ज्याचा त्याचा, तशी अब्रूही ज्याची त्याची. तुमच्या बहिणीची अब्रू तिच्या नावावर आहे. चुलत्यांच्या नावावर तिची नोंद कोणी केली?

तुमच्यासारख्याच एका भावाची हकीकत सहीह बुखारी या हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या) संग्रहात आहे. माअकिल बिन यसार यांनी बहीण एकाला दिली. त्याने तलाक दिला, इद्दत (पुन्हा लग्नाआधी थांबायची मुदत) संपली, आणि मग तो पुन्हा मागणी घालायला आला. माअकिल भडकले. मी तुला बहीण दिली, तुझा मान ठेवला, तू तिला सोडलंस आणि आता परत आलास? अल्लाहची कसम, ती तुझ्याकडे पुन्हा येणार नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात या भावाची पाठ थोपटली गेली असती. पण हकीकतीत पुढे म्हटलंय की माणूस तसा वाईट नव्हता आणि बहिणीलाही परत जायचं होतं. तेव्हा सूरा बकराची २३२ वी आयत उतरली: दोघं रीतसर राजी असतील तर बायकांना निकाहापासून अडवू नका. माअकिल म्हणाले, आता करून देतो. आणि दिली.

या भावाचा राग खोटा नव्हता. घराण्याचा अपमान झाला होता, हेही खरं. तरी आयतीने विचारलं ते एवढंच की तिला काय हवंय. तुमच्या घरात दिशा उलटी आहे, बहिणीला परत जायचं नाही, सुटायचं आहे. पण भावाचा मान तिच्या निर्णयाच्या आड यायचा नाही, ही गोष्ट दोन्हीकडे लागू पडते.

खुल्याला तर थेट दाखलाच आहे. साबित बिन कैस यांची बायको पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, यांच्या वागण्याबद्दल किंवा दीनदारीबद्दल माझी तक्रार नाही, पण मला यांच्यासोबत राहणं जमत नाही. या हकीकतीत मारहाण नाही, उपासमार नाही, फक्त जमत नाही. पैगंबरांनी एकच विचारलं: मेहेरमध्ये (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या मालात) दिलेली बाग परत करशील? ती हो म्हणाली आणि विषय संपला. घराण्याचं काय होईल, लोक काय म्हणतील, असा एक प्रश्नही तिला कोणी विचारला नाही. बरीरा तर गुलामगिरीतून नुकती सुटलेली बाई. तिने नवरा सोडायचं ठरवलं, तो मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरायचा. पैगंबरांनी स्वतः तिला सुचवलं, परत जा. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, शिफारस करतोय. मग मला त्याची गरज नाही, ती म्हणाली. रसूलांच्या शिफारशीला बरीरा नाही म्हणू शकली आणि कोणी तिला बेअदब ठरवलं नाही. तुमच्या चुलत्यांची शिफारस तिच्याहून वजनदार आहे का, एवढं त्यांना नम्रपणे विचारा.

कुजबुजीबद्दल मात्र नम्र राहू नका. तुमच्या घरातला सगळ्यात गंभीर गुन्हा तिथे घडतोय. सूरा नूरची चौथी आयत सांगते की पाकदामन (चारित्र्यवान) बाईवर आरोप करून जो चार साक्षीदार आणत नाही, त्याला ऐंशी कोडे (चाबकाचे फटके) आणि त्याची साक्ष यापुढे कधीही मानायची नाही. कोडे मारा, असं मी अर्थातच सुचवत नाहीये. आपल्या देशात तो कायदा नाही. पण बाईच्या चारित्र्याबद्दल सैल सुटलेली जीभ दीनमध्ये किती मोठा अपराध आहे, हे त्या सजेवरून मोजता येतं. आपल्याकडे चार साक्षीदार तर सोडाच, एका व्हॉट्सअॅप स्टेटसवर निकाल लागतो.

याच सूरेत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांवर आलेल्या तोहमतीचा, म्हणजे खोट्या आरोपाचा, प्रसंग आहे, आणि तो प्रत्येक भावाने एकदा सावकाश वाचावा. मोहिमेवरून परतताना हार हरवला, तो शोधताना त्या काफिल्याच्या मागे राहिल्या, आणि मागून येणाऱ्या सफवान यांच्या उंटावर बसून पोचल्या. एवढ्यावर मदिनेत महिनाभर बोभाटा. आयेशा आजारी, माहेरी गेलेल्या, रडून रडून हैराण. वडील अबू बक्र यांच्याइतकं इज्जतदार घर त्या शहरात दुसरं कुठलं? पण त्यांनी मुलीला कोंडलं नाही, धमकावलं नाही, घरातल्या घरात निकाल लावला नाही. वही (अल्लाहचा संदेश) आली आणि त्या निर्दोष ठरल्या. आणि वहीने सुनावलं कोणाला? ऐकून पुढे सांगणाऱ्यांना. ऐकलंत तेव्हाच मोमिन पुरुषांनी आणि बायकांनी एकमेकांबद्दल चांगला विचार करून 'हे धडधडीत खोटं आहे' असं का नाही म्हटलंत? तुम्ही त्याला हलकी गोष्ट समजत होता, अल्लाहपाशी ती भारी होती.

तुमच्या प्रकरणात 'धडधडीत खोटं आहे' म्हणायची पाळी तुमची आहे. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, जिथे ऐकाल तिथे. आणि तिचा फोन चाळून खात्री करून घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर तोही सोडा. सूरा हुजुरातची १२ वी आयत बदगुमानी (वाईट संशय), हेरगिरी आणि गीबत (पाठीमागची निंदा) या तिन्हींना एका दमात मनाई करते. कुणी लेखी बदनामी करत असेल, ग्रुपवर टाकत असेल, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे.

इथे कोणीतरी 'गैरत', म्हणजे घरच्या बायकांच्या अब्रूबद्दलचा स्वाभिमान, काढणारच. काढू द्या. पैगंबरांचे साथी साद बिन उबादा म्हणाले होते, बायकोसोबत परका पुरुष दिसला तर मी तलवारीच्या धारेनेच वार करीन. पैगंबर म्हणाले, सादच्या गैरतीचं नवल वाटतं? मी त्याच्याहून गैरतमंद आहे आणि अल्लाह माझ्याहून. पण प्रत्यक्ष विचारणा झाली की चार साक्षीदार आणेपर्यंत थांबायचं का, तर उत्तर होतं: हो. आणि साक्षीदार नसलेल्या नवऱ्यासाठी सूरा नूरमध्ये लिआन आहे. तो चार वेळा कसम खाणार आणि पाचव्यांदा खोटा असेन तर माझ्यावर लानत म्हणणार. तीही तशाच कसमा खाऊन आरोप उडवून लावणार. त्यानंतर दोघं वेगळे, तिला सजा नाही. नवऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा बायकोच्या शपथेपुढे तिला शिक्षा द्यायला पुरेसं धरलेलं नाही. मग शेजारणीने ऐकलेलं कुठे बसतं? काही जण 'दय्यूस' हा शब्द फेकतील, म्हणजे घरातल्या बेहयाईकडे जाणूनबुजून कानाडोळा करणारा. मार खाणाऱ्या बहिणीला आधार देणाऱ्याला हा शब्द लावणारा माणूस एकतर हदीस समजलेला नाही, किंवा समजूनही खोडसाळपणा करतोय.

हे सगळं फक्त आपल्या समाजाचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. २०१३ मध्ये याच नाशकात एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव घेतला, त्यात मुसलमानांचा काही संबंध नव्हता. त्या घटनेनंतर जातपंचायतींविरुद्धची मोहीम इथूनच जोर धरून राज्यभर पसरली आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. बिरादरीने तुमच्या घराला वाळीत टाकायची धमकी दिली तर हा कायदा तुमच्याही कामाचा आहे. कुरआनात तर सूरा नहलमध्ये त्या बापाचं चित्रच आहे, ज्याला मुलगी झाल्याची खबर मिळताच चेहरा काळा पडतो आणि तो लोकांपासून तोंड लपवत फिरतो, हिला अपमान सोसून ठेवू की मातीत पुरू असा विचार करत. लोक काय म्हणतील, या भीतीपोटी केलेल्या निर्णयाला तिथे 'वाईट फैसला' म्हटलंय.

चुलत्यांची बाजूही थोडी ऐकू, कारण ती सगळीच चूक नाही. हया (लाज-मर्यादा), पडदापोशी (दोष झाकणं), घरातलं घरात ठेवणं, हे दीनमध्ये आहे. जो मुसलमानाचे दोष झाकतो त्याचे अल्लाह झाकतो, ही हदीस खरी आहे. (हयेचा हुकूमही सूरा नूरमध्ये आधी पुरुषांना आहे, आयत ३०, बायकांना त्यानंतर, ३१. बैठकीत हा क्रम कुणाला आठवत नाही.) हनफी फिकहमध्ये (फिकह म्हणजे धर्मशास्त्र, हनफी हा त्याचा एक पंथ) सज्ञान मुलीने बरोबरीच्या नसलेल्या घरात निकाह केला तर वलीला (पालकाला) हरकत घेता येते, म्हणजे घराण्याच्या मानाला काही वजन दिलेलं आहे. पण ती हरकत घ्यायची कुठे? काझीपुढे. स्वतःच्या हाताने नाही. आणि झाकायचं असतं ते माणसाचं चुकलेलं पाऊल. जुलूम झाकायचा नसतो. सूरा निसा १४८ म्हणते, वाईट गोष्ट चारचौघांत बोललेली अल्लाहला आवडत नाही, अपवाद ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा. हिंद बिन्त उतबा यांनी तर पैगंबरांपुढे नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं की अबू सुफयान कंजूष आहेत, मला आणि मुलाला पुरेल इतकं देत नाहीत. अबू सुफयान म्हणजे कुरैशांचा सरदार. कोणी तिला 'घरची गोष्ट बाहेर काढू नकोस' म्हटलं नाही. उत्तर मिळालं: रीतसर जेवढं तुला आणि मुलाला पुरेल तेवढं त्याच्या मालातून घे.

मारहाणीचा विषय निघाला की निसाची ३४ वी आयत पुढे केली जाते. त्या आयतीच्या अर्थावर मोठी चर्चा आहे, इथे तिच्यात शिरत नाही. ज्यांच्यावर ती उतरली त्या पैगंबरांबद्दल हजरत आयेशा सांगतात की त्यांनी कधी कुठल्या बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही. आणि नवऱ्यांच्या मारहाणीची तक्रार घेऊन बायका आल्या तेव्हा ते म्हणाले, असे नवरे तुमच्यातले भले लोक नव्हेत. तुमच्या मेहुण्याला यात पळवाट नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सूरा निसाची ३५ वी आयत दोन पंच नेमायला सांगते, एक त्याच्याकडचा, एक तिच्याकडचा. ही बैठक जरूर घ्या. चुलत्यांचा मानही त्यात राहतो. पण बहीण तिथे समोर बसलेली असली पाहिजे. बहुतेक घरांत पुरुषमंडळी दिवाणावर, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि जिच्या आयुष्याचा निकाल चाललाय ती पडद्यामागे चहाचे कप विसळत असते. अशाच एका बैठकीत मी मुलीला बाहेर बोलवायला लावलं. ती येताना एक वही घेऊन आली. दूध, मुलाची फी, डॉक्टर, सर्दीचं औषध, तारखेनुसार ओळी, आणि शेवटच्या रकान्यात कोणी पैसे दिले त्याचं नाव: अम्मी, भाईजान, अम्मी, अम्मी, खाला. वही हातोहात फिरली. नवऱ्याच्या मामांनीच चष्मा काढून विचारलं, यात आपल्या पोराचं नाव कुठेच का नाही? तोपर्यंत 'ती नांदत नाही' एवढाच मुद्दा चालला होता. तुमच्या बहिणीलाही अशी वही आजपासून लिहायला सांगा. बैठकीत उपयोगी पडते आणि कोर्टातही.

निकाहनामा बाहेर काढा आणि मेहेरचा रकाना वाचा. किती, आणि मुअज्जल की मुवज्जल, म्हणजे तेव्हाच द्यायचा की नंतर. बैठकीत हमखास सांगितलं जाईल की खुला हवा तर मेहेर माफ कर, दागिने सोड, मुलाचा खर्च मागू नकोस. इथे थांबा. कसूर नवऱ्याचा असेल तर त्याने बायकोकडून सुटकेची किंमत घेणं हनफी फिकहमध्येसुद्धा मकरूह (नापसंत) आहे, आणि आधार निसाच्या २० व्या आयतीचा: ढीगभर सोनं दिलेलं असलं तरी परत घेऊ नका. मुलाचा खर्च तर तिने सोडायचा प्रश्नच नाही, तो मुलाचा हक्क आहे.

नवरा खुल्याला राजी होत नसेल तर हनफी मताप्रमाणे घोडं अडतं. याच अडचणीतून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. कितीतरी बायका दुसरी वाट नाही म्हणून धर्म सोडायला लागल्या होत्या, तेव्हा उलेमांनीच मालिकी या दुसऱ्या पंथाच्या मताचा आधार घेऊन त्याची पायाभरणी केली. त्याच्या कलम २ मध्ये दोन वर्षं खर्च न देणं हे एक स्वतंत्र कारण आहे आणि क्रूर वागणूक हे दुसरं. अंगावर वळ नसले तरी जगणं असह्य करणारं वर्तन त्यात बसतं. तुमच्या बहिणीकडे दोन्ही आहेत. आणि कलम ५ सांगतं की या कायद्याने तिच्या मेहेरच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणून मी अशा मुलींना सांगते, नवरा मेहेर माफ करून घेण्यावर अडून बसला असेल तर खुल्याच्या कागदावर सही करू नका, कुटुंब न्यायालयात फस्खचा, म्हणजे कोर्टाकडून निकाह मोडून घेण्याचा, दावा लावा. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बाईच्या एकतर्फी खुल्याला मान्यता दिली आहे, पण नाशकात दावा चालवायचा तर १९३९ च्या कायद्याची भक्कम कारणं हातात असताना दुसरीकडे जायचं कारण नाही. दारुल कजामध्ये (समाजाच्या शरियत न्यायमंडळात) जायला हरकत नाही, मनाला समाधान मिळतं. पण त्यांचा फैसला कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुढे दुसरा निकाह करायचा झाला तर कोर्टाचा हुकूमनामाच कामी येतो.

खर्चासाठी आणि संरक्षणासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे वेगळा अर्ज करता येतो. पोटगीचा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा मार्ग, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, तलाकशुदा मुस्लिम बाईलाही मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे; बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.

राहिली तुमची शेवटची ओळ. मला विचाराल तर सगळा प्रश्न तिच्यातच आहे. इज्जतीची भाषा जिथे अचानक जोरात येते, तिथे मी आधी सातबारा मागते. बहीण सासरी मार खात राहिली तर घराण्याची इज्जत राहते आणि घरही दोघांतच राहतं, हा हिशोब कोणी बोलून दाखवत नाही.

उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या साद बिन रबी यांची बायको दोन मुलींना घेऊन आली आणि म्हणाली, यांच्या काकांनी सगळा माल ताब्यात घेतला, यांची लग्नं कशी होणार? मिरासच्या (वारशाच्या) आयतीनंतर पैगंबरांनी काकाला बोलावून सांगितलं: दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला, उरेल ते तुझं. क्रम पाहा, काका सगळ्यात शेवटी.

तुमच्या घराचा हिशोब मांडून देते. आधी वडिलांच्या मालमत्तेतून त्यांचं कर्ज फिटायला हवं, आणि आईचा मेहेर दिला गेला नसेल तर तोही कर्जच आहे. हे आमच्या लोकांना फार कमी वेळा सांगितलं जातं. उरलेल्यात आईला आठवा हिस्सा, बाकीच्यात भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक. चाळीस भाग केले तर आईचे ५, तुम्हा दोघा भावांचे प्रत्येकी १४, बहिणीचे ७. हे ७ तिला 'द्यायचे' नाहीत, वडिलांनी डोळे मिटले त्या क्षणी ते तिचे झाले. निसाची सातवी आयत म्हणते, थोडं असो की फार, ठरवून दिलेला हिस्सा. आणि या वाटण्या सांगून झाल्यावर १३-१४ व्या आयतींत त्यांना अल्लाहच्या हद्दी म्हटलंय, ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद आहे. नमाज चुकली की आपण कासावीस होतो. बहिणीचा हिस्सा गिळून हजला जाऊन आलेले मी पुष्कळ पाहिलेत.

शेतजमीन असेल तर मोठा भाऊ म्हणेल की १९३७ च्या शरियत कायद्यात ती येत नाही. कलम २ मध्ये शेतजमीन वगळली आहे, हे खरं. पण त्यामुळे अल्लाहने ठरवलेला हिस्सा बदलत नाही, आणि वारस नोंदीत बहिणीचं नाव लागण्यातही अडथळा नाही. तलाठ्याकडे वारसाची नोंद करताना तिचं आणि आईचं नाव वगळलं गेलंय का, ते उद्याच जाऊन बघा. फेरफार निघाला असेल तर त्याची नक्कल काढा.

आणि हक्कसोडपत्राची घाई होईल, सावध राहा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असे गट रोज दिसतात, हिंदूंचे, मुसलमानांचे, सगळ्यांचे. भाऊ पुढे कागद घेऊन, बहीण मागे नव्या साडीत नाहीतर नव्या बुरख्यात, परतताना बिर्याणी किंवा मिसळ ठरलेली. अंगठा घेणारा कर्मचारी विचारतो, राजीखुशीने ना? ती मान डोलावते, कारण त्याच भावाच्या घरात तिला रात्री झोपायचं असतं. माहेरी आश्रयाला आलेल्या बाईची अशी सही राजीखुशीची कशी म्हणायची? तिला खरंच हक्क सोडायचा असेल, तर आधी हिस्सा तिच्या नावावर होऊ द्या, ताबा मिळू द्या, तिचा दावा निकाली निघू द्या. त्यानंतर तिला वाटलं तर ती भावाला बक्षीस देईल. नाही वाटलं तर तेही तिचं.

बैठकीची तारीख ठरवण्याआधी एवढे कागद एका फाइलमध्ये लावा: निकाहनामा, दवाखान्याचे कागद, मुलाचा जन्मदाखला, खर्चाची वही, वडिलांचा मृत्यूदाखला, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा आणि सातबारा. मूळ प्रती बहिणीकडेच राहू द्या, मोठ्या भावाच्या कपाटात नकोत.